नीलगडच्या मिसली

मंचेरियलच्या रेल्वे स्टेशनासमोरून बाजाराकडे वळलं की एका सायकलच्या दुकानावर माडी होती, आणि त्या माडीवर वनमालाबाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट. खालून जाणाऱ्याला दिवसभर वरून पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. कोळशाच्या खाणीत बापाच्या जागी लागायचं नाही, हापिसात बसायचं, असं ठरवलेली पोरंपोरी तिथं टायपिंगच्या लोअर-हायर परीक्षांची तयारी करायला येत. वनमालाबाई त्यांच्या पाठीमागून फिरत आणि एकच शिकवण तेलुगूतून, हिंदीतून, कधी रागाच्या भरात मराठीतून देत: समोर जे आहे ते उतरवा. मूळ कागदात चूक असली तर चूकही उतरवा. शहाणपणा करू नका.

त्यांचं स्वतःचं आयुष्यही असंच गेलं होतं. जन्म आदिलाबादचा. वडील हणमंतराव तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं प्रकरणं सुनावणीला मांडणारे कारकून. घरात भाजी आणली तरी ‘दाखल कर’ म्हणत आणि पोरांची भांडणं मिटवायची असली की ‘उद्या पेशी’ म्हणून झोपायला पाठवत. एक्क्याऐंशी साली वनमालाबाईंचं लग्न झालं. नवरा यशवंतराव खाणीच्या कार्यालयात हजेरीच्या कामावर, स्वभावानं शांत, बोलणं मोजकं. मूलबाळ झालं नाही. शहाऐंशीत त्यांनी जुनी यंत्रं घेऊन इन्स्टिट्यूट काढली. त्यानंतर गावातले अर्ज, वकिलांच्या नोटिसा, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. हजारो पानं त्यांनी लिहिली असतील. त्यात स्वतःचं म्हणून एक वाक्य नव्हतं आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नव्हती.

सत्त्याण्णवला कॉम्प्युटर आले. यंत्रं भिंतीला सरकवून त्यांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि एक मोडेमही बसवून घेतला. हैदराबादचा नंबर लावायचा, मोडेम चिरकायचा, लाईन लागली तर ई-मेलची पत्रं यायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

त्यांचा धाकटा भाऊ प्रल्हाद. आई लवकर गेली, तेव्हा वनमालाबाईंनीच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. वरंगलला इंजिनिअर झाला, हैदराबादेत नोकरीला लागला आणि अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्यानंतर अमेरिकेला जायच्या आधी बहिणीला भेटायला आला. येताना युरियाच्या रिकाम्या पोत्यात गच्च भरलेले कागद घेऊन आला. सिनेमाच्या तिकिटांच्या पाठी, परीक्षेचे उरलेले कोरे कागद, आलेख वहीची पानं, कशावर नकाशा, कशावर नुसतीच दोन नावं आणि मध्ये बाण.

जेवताना त्यानं समजावून सांगितलं. वरंगलच्या हॉस्टेलमध्ये तो आणि त्याचे तीन मित्र एक खेळ खेळत. मित्र पांगले तरी खेळ चालूच होता, आता कॉम्प्युटरवरच्या पत्रांतून.

“असं समज अक्का, एक राज्य हाय. नीलगड. ते माह्या डोक्यात हाय. फणी, आसिफ आन गुरू त्या राज्यात फिरते. ते मले सांगते, आमी आता दार ढकलतो. मंग मी सांगतो, दारामागं काय हाय.”

“आन ते दार कुठं हाय?”

“कुठंच नाई. सांगन्यातच हाय.”

“जिंकते कोन?”

“कोनीच नाई.”

“मंग संपते कदी?”

प्रल्हादनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचार केला. “संपत नाई,” तो म्हणाला.

वनमालाबाईंनी त्याच्या ताटात अंबाडीची भाजी वाढली आणि पुढं विचारलं नाही. भावाचं मागणं साधं होतं. हे कागद लावून दे, टाईप कर, म्हणजे तिकडून हवी ती गोष्ट चटकन सापडेल. बस्तान बसेपर्यंत मित्रांची पत्रं तुझ्या पत्त्यावर येतील, ती मला पुढं धाडत जा. टायपिंगचंच काम आहे, म्हणून त्या हो म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी दुपारच्या रिकाम्या वेळात पोतं उघडलं. वडिलांच्या कचेरीत प्रत्येक प्रकरणाची वेगळी मिसल असायची. त्या प्रकरणाचे सगळे कागद एकाखाली एक, वर अनुक्रमाचं पान, बाहेरून दोरी. लहानपणी डबा घेऊन जाताना त्यांनी ते दफ्तर पाहिलं होतं. तसंच करायचं त्यांनी ठरवलं. राजा विरूपसेनाची एक मिसल. कुंदा नदीची एक. वेशीची, बाजाराची, किल्ल्याची, आणि ते तिघं मित्र खेळात जे झाले होते त्या चोर, शिपाई आणि वैदू यांची एकेक.

पहिल्याच दिवशी अडलं. एका कागदावर लिहिलं होतं की राजानं नदीवरचा जकातनाका चोराच्या बापाला दिला. हा कागद राजाचा, नदीचा की चोराचा? त्यांनी तीन नकला केल्या आणि तिन्हीकडं एकेक लावली. मग दुसरा कागद निघाला, त्यात नाका काढून घेतलेला होता. ती दुरुस्ती राजाच्या मिसलीत केली, नदीच्या मिसलीत करायची राहिली, आणि चोराची मिसल त्या दिवशी पोरींनी खिडकी उघडी ठेवल्यामुळं उडून जिन्यात गेली होती. आठवड्याभरात मिसली वाढल्या आणि सापडणं कमी झालं. एका नकाशात नदी पूर्वेला वाहत होती, दुसऱ्यात पश्चिमेला. राजा एका कागदावर पटकीनं मेला होता आणि त्यानंतरची तारीख घातलेल्या दुसऱ्या कागदावर न्याय करत बसला होता. एका तिकिटाच्या पाठीमागं तर प्रल्हादच्या घाईच्या अक्षरात होतं: ‘हे खोटं आहे. आसिफला खरं वाटू दे.’

खोटं आहे तर ठेवायचं कशाला? बाईंना काही सुचेना. दिवाळीला आदिलाबादला गेल्या तेव्हा त्यांनी वडिलांना विचारलं. हणमंतरावांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं, पण कागदांचा विषय निघाला की ते ताठ बसत. नीलगड म्हणजे कोणत्या मंडलातलं गाव, हे त्यांनी आधी विचारलं. कोणत्याच मंडलात नाही म्हटल्यावर त्यांनी मांडी बदलली. मग म्हणाले, “जमीन एकाच्या नावावर असते. कब्जा दुसऱ्याचा असते. आन गाव तिसऱ्यालेच मालक समजते. तिन्ही लिहा लागते, पोरी. त्यातलं एक लिहिलं नाई का मिसल कच्ची.”

परतीच्या बसमध्ये बाईंना सगळं उमगल्यासारखं वाटलं. प्रत्येक पानावर तीन रकाने: आहे काय, दिसतं काय, कोण काय समजतो. इचोड्याला बस चहाला थांबली, समोर ट्रकांची रांग लागली होती, आणि कपाच्या पहिल्या घोटाबरोबर नीलगड त्यांना लख्ख दिसत होता. मंचेरियलला उतरल्या तेव्हा मात्र पुन्हा धुकं. कारण ‘आहे काय’ हाच रकाना भरता येईना. प्रल्हाद सोडून ते कोणाला माहीत असणार?

आणि प्रल्हाद सापडत नव्हता. कंपनी त्याला आज या गावी तर उद्या त्या गावी पाठवत होती. इकडे मित्रांची पत्रं येऊ लागली होती. तिघंही प्रल्हादला उद्देशून ‘मास्टर’ म्हणून लिहीत. पहिलं पत्र गुरूचं. वेशीवर एक म्हातारी बसलेली आहे, असं मागच्या खेपेला मास्टरनं सांगितलं होतं. गुरूनं विचारलं होतं: ती जिवंत आहे की मेलेली?

बाईंनी पत्र पुढं धाडलं. पुष्कळ दिवसांनी प्रल्हादची एक ओळ आली: अक्का, मी गडबडीत आहे, काही विचारलं तर सध्या हो म्हण. बाईंनी सांगितल्याप्रमाणं केलं. ‘जिवंत की मेलेली’ याला त्यांनी उत्तर टाईप केलं: ‘होय.’

तिकडून जे पत्रांचं वादळ आलं त्यानं त्या गांगरून गेल्या. गुरूनं दोन पानं लिहिली, की असं उत्तर मास्टरनं आजवर दिलं नव्हतं, यात नक्की खोल काहीतरी आहे. फणीनं म्हातारीला हात न लावता लांबून वळसा घ्यायचं सुचवलं. आसिफ म्हणाला, तिलाच विचारू. आणि त्यानं विचारलंही: आजी, तुम्ही इथं का बसलात?

याला ‘होय’ म्हणून भागणार नव्हतं.

ते पत्र छापून बाई घरी घेऊन आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून पुन्हा पुन्हा वाचू लागल्या. सासूबाई, देवकाबाई, उंबऱ्यात तूर निवडत बसल्या होत्या. भैंशाकडच्या गावातलं त्यांचं सगळं आयुष्य. नवऱ्यामागं लेकाकडं आल्या, पण कापसाच्या गाड्या आणि गावची भांडणं यांच्यावाचून त्यांना इथं करमत नसे. काय वाचून राह्यली म्हणून त्यांनी विचारलं. वनमालाबाईंनी जमेल तेवढं सांगितलं. एक म्हातारी आहे, वेशीवर बसली आहे, जिवंत आहे की नाही ते कळत नाही.

देवकाबाईंना त्यात न कळण्यासारखं काही दिसलं नाही. “दोन सुना असतीन तिले,” त्या म्हणाल्या. “एकीच्या लेखी मेली, दुसरीच्या लेखी जिती. इच्या घरी नाई, तिच्या घरी नाई. मंग बसली वेशीवर. जाईन कुठं?”

दुसऱ्या दिवशी बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. समोर उतरवायला मूळ कागद नव्हता. त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि सासूबाईंचं म्हणणं साध्या इंग्रजीत लिहून पाठवून दिलं. पाठवल्यावर चोरी केल्यासारखं वाटलं. फणीचं पत्र ह्यूस्टनहून आलं: मास्टर, ही म्हातारी फार आवडली. आम्ही तिला बरोबर घेतो.

तिथून पुढं काय होत गेलं ते बाईंना नीट सांगता आलं नसतं. म्हातारी बरोबर आली म्हणजे ती बोलणार. बोलणार म्हणजे ते कोणीतरी लिहायला हवं. घरात देवकाबाई रोज विचारत, राजाचा निकाल लागला का, त्या चोरट्याचं पुढं काय झालं. नेम लागला की चुकला, उडी बसली की फसली, हे ठरवायला प्रल्हादकडं रंगीत फासे होते, ते तो तिकडं घेऊन गेला होता. म्हणून देवकाबाईंच्या कवड्या पडू लागल्या. बाईंना पुढंपुढं संशय येई, की आसिफच्या वेळेला कवड्या जरा जास्तच त्याला हव्या तशा पडतात. आसिफनं म्हातारीला आजी म्हटल्यापासून देवकाबाई त्याच्या बाजूच्या होत्या.

नवं जे लिहिलं त्याच्याही त्या चिठ्ठ्या करत आणि मिसलीत लावत. वेगळी खूण करायचं राहून गेलं. पुढं एखादं पान उघडलं की हे पोत्यातून निघालं की आपल्या डोक्यातून, हे त्यांना ओळखू येईना. भावाला कळवायचं रोज ठरवत आणि रोज उद्यावर टाकत. यशवंतरावांना त्या चुलीपाशी पुटपुटताना ऐकू आल्या, आसिफनं किल्ला विकला ते फणीला कळता कामा नये. त्यांना वाटलं बायको कोर्टाच्या कामात साक्षीदार म्हणून अडकली. दोन दिवस ते काळजीत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच म्हणाले, “वकील पायजे असन तर सांग.”

किल्ला विकणं ही त्या खेळातली मोठीच भानगड होती. प्रल्हादच्या जुन्या कागदावरून उघड दिसत होतं, की आसिफच्या शिपायानं पूर्वी एकदा शत्रूला किल्ल्याची वाट सांगितली होती. हे फक्त आसिफ आणि मास्टर जाणत. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, बाहेर रस्ता तापून डांबर वितळत असताना, लाईन तीनदा तुटल्यानंतर बाईंनी घाईनं पत्र पाठवलं आणि मग लक्षात आलं, विकलेल्या किल्ल्याबद्दलचं, आसिफसाठीचं ते पत्र फणीलाही गेलं होतं.

त्यानंतर आसिफचं पत्र आलं नाही. एक आठवडा, मग दुसरा. फणीच्या पत्रात या गोष्टीचा उल्लेखच नव्हता, आणि ते बाईंना जास्तच भेसूर वाटलं. पावसाळा लागला. बाई शिकवताना मध्येच थांबत. खोट्या राज्यातला खोटा किल्ला, पण माणसं तर खरी, आणि त्यांची वरंगलपासूनची मैत्री खरी. आपण ती मोडली. शिपायानं विकला म्हणून आसिफ का रुसावा, आणि आसिफ रुसला म्हणून आपलं शिकवण्यातलं लक्ष का उडावं, याची संगती त्यांना लागेना. देवकाबाईंनी तर फणीलाच दोष दिला. तो पहिल्यापासून वळसे घेऊन चालणारा आहे, असं त्यांचं मत होतं.

पोळ्याच्या आसपास एके दिवशी दुपारी एक उंच, चष्मा लावलेला पोरगा इन्स्टिट्यूटचा जिना चढून आला. कोळशाच्या कुठल्याशा कार्यालयात कॉम्प्युटर बसवायला हैदराबादहून आलोय, प्रल्हादची बहीण इथंच असते म्हणून सलाम करायला आलो, असं म्हणाला. नाव आसिफ.

बाई हातातलं डस्टर तसंच घेऊन पुढं आल्या. त्यांनी त्याला बसवलंही नाही. ते पत्र चुकून गेलं, तुम्ही दोघांनी भांडू नका, दोष माझा आहे, हे सगळं त्या अर्धं हिंदीत अर्धं मराठीत एका दमात बोलून गेल्या.

आसिफ ऐकत राहिला. “अक्का,” तो शेवटी म्हणाला, “कौनसा किल्ला?”

हळूहळू उलगडा झाला. त्यानं ऐन त्याच सुमाराला नोकरी बदलली होती. जुन्या कंपनीचा पत्ता बंद झाला. ते पत्र त्याला मिळालंच नव्हतं, आणि मास्टरकडून काही येत नाही म्हणजे खेळ मोडला असं समजून तो गप्प बसला होता. फणीशी तर गेल्याच आठवड्यात फोनवर बोलणं झालं होतं. फणी म्हणाला होता, मास्टर हल्ली फार हुशार झालाय, आपल्यात फूट पाडायला खोटी पत्रं मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर टाकतो.

बाई खुर्चीवर बसल्या. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण पावसाळाभर आपण जे ओझं वाहिलं ते दुसऱ्या कोणाला लागलंच नव्हतं, हे कळून कसंनुसं झालं, आणि त्या कसंनुशाला काय म्हणावं ते समजेना. मग त्यांनी आसिफला घरी चहाला नेलं आणि खरं ते सांगितलं. मास्टर प्रल्हाद नाही. गेल्या दिवाळीपासून मीच आहे, आणि अर्ध्याहून जास्त या माझ्या सासूबाई आहेत.

आसिफनं देवकाबाईंकडं पाहिलं. देवकाबाईंनी त्याच्याकडं. तो उठून त्यांच्या पाया पडला आणि पुढं राजा जगणार का, असं त्यानं विचारलं. मला काय ठाऊक, कवड्या सांगतील, असं म्हणून त्यांनी त्याच्यापुढं बशीत फरसाण ठेवलं.

डिसेंबरात प्रल्हाद रजेवर आला. आसिफकडून त्याला सगळं आधीच कळलं होतं. रागावेल अशी बाईंची धास्ती होती, पण तो नुसताच उत्सुक दिसला. आता खेळ परत हातात घेतो म्हणाला. बाईंनी सगळ्या मिसली त्याच्यापुढं मांडल्या, कॉम्प्युटरवर लावलेली पानंही उघडून दिली. दोन दिवस तो इन्स्टिट्यूटच्या कोपऱ्यात वाचत बसला. मधूनमधून विचारायचा, हे मी लिहिलं का? बाई म्हणत, मले काय मालूम. नदी कोणत्या बाजूला वाहते, हे त्यालाही आठवत नव्हतं. दोन्ही नकाशे त्याच्याच हातचे होते.

तिसऱ्या दिवशी त्यानं शेवटची मिसल मिटली आणि चष्मा पुसला.

“अक्का, हे राज्य आता माह्या डोक्यात नाई.”

“मंग कोनाच्या डोक्यात हाय?” बाईंनी विचारलं. त्यांना आनंद झाला नव्हता. भीती वाटली होती. आतापर्यंत निदान एक समजूत होती, की खरं काय ते कुठंतरी अमेरिकेत, एका माणसाला ठाऊक आहे.

प्रल्हाद म्हणाला, तूच चालव, मला फक्त आत घे. मी हमाल होतो, म्हातारीचं गाठोडं उचलीन. देवकाबाईंनी त्याला नीट वर-खाली पाहून परवानगी दिली.

तो परत गेला आणि जानेवारी उजाडायच्या आत त्याची पहिली चाल आली: हमाल गाठोडं घेऊन कुंदा नदीच्या पुलावरून पलीकडं जातो. बाईंनी कवड्या टाकायला सांगितल्या. टाकल्या त्या देवकाबाईंनी, आतल्या खोलीत, आणि तिथूनच ओरडून सांगितलं, पडला. बाईंनी तसं कळवलं: पूल मोडका होता, हमाल पाण्यात.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादनं अमेरिकेहून इन्स्टिट्यूटमध्ये फोन केला. खर्चाची पर्वा न करता तो बराच वेळ वाद घालत राहिला. मी खेळ रचला तेव्हा तिथं दगडी पूल बांधला होता, चांगला भक्कम, हत्ती जाईल असा. मोडका कधी झाला? बाई म्हणाल्या, कवड्या पडल्या तसं सांगितलं. मग त्यांना आठवलं की कवड्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

“खरं सांग अक्का, पूल व्हता का नव्हता?”

पाहून सांगते म्हणाल्या आणि फोन ठेवला. नदीची मिसल काढली. एका पानावर पूल होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, इथं पूल कधीच नव्हता, लोक उतारातून जातात. दोन्ही पानं त्यांच्याच हातची टाईप केलेली; कोणतं पोत्यातलं आणि कोणतं आपल्या डोक्यातलं, ते त्यांना सांगता येईना. दोन्ही उजेडाकडं धरून त्या उभ्या राहिल्या, आणि खाली सायकलवाल्याशी बोलत, चपला वाजवत, चारच्या बॅचच्या पोरी जिना चढू लागल्या.